हौशी फिल्म ऑनलाइन टाकावी की जपून ठेवावी? कॉपीराइटची भीती, सोप्या भाषेत

बडोद्यातल्या मराठी मंडळींची नाटकाची हौस जुनी आहे. आता त्याच हौसेतून मोबाइलवर लघुपट निघतात. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घराचा जिना, सूरसागरचा काठ, मांडवीची गर्दी, घरातलीच माणसं नट म्हणून, आणि भाच्याच्या लॅपटॉपवर एडिटिंग. बारा-पंधरा मिनिटांची फिल्म तयार होते, गणपतीत मंडळाच्या पडद्यावर एकदा दाखवली जाते, लोक मनापासून टाळ्या वाजवतात. त्यानंतर ती हार्ड डिस्कमध्ये जाते आणि तिथेच राहते.

यूट्यूबवर का टाकली नाही असं विचारलं की दोन उत्तरं येतात. एक, "टाकली की कोणीतरी ढापणार." दुसरं, "आत गाणं आहे ना, कॉपीराइट लागतो म्हणे. केस झाली तर?" दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली जातात, म्हणून ती एकच भीती वाटते. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या भीती आहेत. पहिलीत दुसरा आपलं उचलतो. दुसरीत आपण दुसऱ्याचं उचललेलं असतं. माझं स्पष्ट मत असं की पहिल्या भीतीला लोक गरजेपेक्षा फार जास्त घाबरतात आणि दुसरीचा गरजेपेक्षा फार कमी विचार करतात. त्यामुळे चांगल्या फिल्म घरात पडून राहतात आणि ज्यांत उसनं संगीत ठासून भरलंय त्या बिनधास्त अपलोड होतात.

कॉपीराइट मिळतो कधी?

कॉपीराइट म्हणजे आपण निर्माण केलेल्या कृतीची प्रत काढण्याचा, ती लोकांना दाखवण्याचा, तिच्यावरून दुसरं काही बनवण्याचा हक्क. आपल्याकडे यासाठी १९५७ चा कायदा आहे, २०१२ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या.

लोकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की हा हक्क मिळवावा लागत नाही. फिल्म तयार झाली की तो आपोआप लागू होतो. नोंदणी केली नाही तरी तो असतोच, शेवटी गोलात 'सी' लिहिलेलं चिन्ह टाकलं नाही तरी असतो. बर्न करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात आहे, त्यामुळे करारातल्या इतर देशांतही आपल्या फिल्मला संरक्षण मिळतं. आणि ऑनलाइन टाकल्याने हा हक्क जात नाही. यूट्यूबवर अपलोड करताना आपण त्यांना ती दाखवण्याची परवानगी देतो, मालकी आपलीच राहते.

मुदत किती? फिल्म आणि ध्वनिमुद्रण यांना प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. कथा, कविता, संगीतरचना यांना लेखक किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. मुदत संपली की कृती सर्वांसाठी खुली होते.

फिल्म नेमकी कोणाची?

फिल्मची मालकी सातबाऱ्यासारखी असते. मुख्य रकान्यात खातेदाराचं नाव, पण शेजारी 'इतर अधिकार' असा रकाना असतो, आणि भांडणं बहुतेक तिथूनच उगवतात.

मुख्य रकान्यात कायद्याने निर्मात्याचं नाव असतं, म्हणजे फिल्म करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली त्याचं. दिग्दर्शकाचं नव्हे, कॅमेरा ज्याचा होता त्याचंही नव्हे. इतर अधिकारांत कथा लिहिणारा, गीत लिहिणारा, चाल लावणारा, वाजवणारे आणि नटमंडळी. लेखकाचं नाव लेखक म्हणून राहावं आणि त्याची अब्रू जाईल अशी मोडतोड होऊ नये, हा हक्क तर त्याने बाकी सगळं लिहून दिलं तरी त्याच्याकडेच राहतो.

आता हौशी गट डोळ्यांपुढे आणा. चौघांनी वर्गणी काढली, कथा पाचव्याची, घर सहाव्याचं. पुढाकार कोणाचा? सगळ्यांचाच. सगळं गोडीत चाललंय तोवर हा प्रश्न पडत नाही. फिल्मला कुठे बक्षीस मिळालं, किंवा दोघांत बिनसलं, की पडतो. मग एक जण म्हणतो, माझा सीन काढून टाका. ज्याच्या लॅपटॉपवर मूळ फाइल आहे तो फोन उचलत नाही. अशा वेळी फिल्म बाहेरच्या चोरामुळे अडकत नाही, घरातल्या घरात अडकते.

उपाय एका पानाचा आहे. शूटिंगच्या आधी चहा घेताना होऊन जाईल. साध्या मराठीत लिहा:

"'अमुक' या लघुपटाचे निर्माते म्हणून तमुक यांचं नाव राहील. मी लिहिलेली पटकथा या लघुपटासाठी वापरायला, तो इंटरनेटवर, महोत्सवांत आणि सार्वजनिक ठिकाणी दाखवायला, जगभरात, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी माझी परवानगी आहे. श्रेयनामावलीत माझं नाव लेखक म्हणून राहील. लघुपट ठरावीक काळात प्रदर्शित झाला नाही तरी ही परवानगी रद्द होणार नाही. पैसे मिळाल्यास त्यांची वाटणी अशी…"

खाली सही आणि तारीख. नटांकडून आणि वादकांकडूनही असंच दोन ओळींचं संमतिपत्र घ्या. नटाने एकदा लेखी संमती दिली की, उलट काही ठरलेलं नसेल तर, निर्मात्याच्या वापराला तो पुढे हरकत घेऊ शकत नाही.

त्या मजकुरातला एकेक शब्द कामाचा आहे. 'जगभरात' लिहिलं नाही तर कायदा धरून चालतो की हक्क फक्त भारतापुरता दिला. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जातात. आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर दिलेला हक्क वर्षभर न वापरल्यास तो देणाऱ्याकडे परत जातो. हा शेवटचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण काळजीपोटी फिल्म दाबून ठेवतो, आणि इकडे ती दाखवण्यासाठी घेतलेला हक्कच निसटून जाण्याची वेळ येते.

"आमची कल्पनाच कोणी उचलली तर?"

इथे कडू वाटलं तरी खरं ते सांगायला हवं. कल्पनेला कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीला असतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात आर. जी. आनंद यांचा खटला गाजला. 'न्यू दिल्ली' हा हिंदी चित्रपट आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून उचलला, असा त्यांचा दावा होता. दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता. न्यायालयाने सांगितलं की विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून ही नक्कल नव्हे. आजही अशा वादांत याच निकालाचा आधार घेतला जातो.

म्हणजे 'निवृत्त झालेला मास्तर आणि त्याची सायकल' ही कल्पना तुमची म्हणून अडवता येणार नाही. तुमचे संवाद, तुमचे प्रसंग, त्यांची गुंफण, तुमची दृश्यं कोणी जशीच्या तशी घेतली तर अडवता येईल. मात्र तेव्हा 'हे आधी माझं होतं' हे दाखवावं लागतं, आणि सहा वर्षं कपाटात असलेल्या हार्ड डिस्कपेक्षा हजार लोकांनी पाहिलेली, तारीख नोंदलेली फिल्म हा कितीतरी भक्कम पुरावा आहे. आपलं काम दाखवण्याने ते जास्त सुरक्षित होतं.

दादासाहेब फाळके तरुणपणी बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. आज पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं शिल्लक आहे, आणि तेही नंतरच्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक मानतात. जिच्या प्रती थोड्या, ती फिल्म हरवते. बंद पडलेल्या एका हार्ड डिस्कने एखाद्या गटाची दहा वर्षांची मेहनत जाऊ शकते.

गाण्यापाशी खरा पाय अडकतो

एका गाण्यात निदान दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी, त्या रचनेचं विशिष्ट ध्वनिमुद्रण, बहुधा म्युझिक कंपनीचं. म्हणून जुनं भावगीत मूळ आवाजात न लावता शेजारच्या ताईंकडून गाऊन घेतलं, तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो. शब्द आणि चालीचा सुटत नाही.

बडोद्यात फिल्म करणाऱ्याला हे सगळ्यात जास्त नवरात्रात भोवतं. गरब्याचं दृश्य कोणाला नको असतं? चणिया-चोळ्यांचे घेर, मैदानावरचे दिवे, फुकटात हजार माणसांची गर्दी. पण मागे लाउडस्पीकरवर एखाद्या कंपनीचं गाणं चालू असतं, आणि नायक-नायिकेच्या संवादाखाली ते अख्खं रेकॉर्ड होतं. मागाहून संवादातून गाणं वेगळं काढणं जिकिरीचं काम. म्हणून तिथे फक्त दृश्य घ्या, संवाद घरी शांतपणे रेकॉर्ड करा आणि खाली स्वतःचा ढोल वाजवून टाका. शब्द हवेच असतील तर जुन्या गरब्या आहेत. डभोईचे कवी दयाराम १८५३ साली गेले. त्यांच्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. मात्र एखाद्या ऑर्केस्ट्राने त्याच गरबीचं परवा केलेलं रेकॉर्डिंग त्या ऑर्केस्ट्राचं किंवा कंपनीचं आहे.

हाच हिशेब कवितेला. बडोद्याचे राजकवी यशवंत १९८५ साली गेले, म्हणून त्यांच्या कविता २०४५ संपेपर्यंत संरक्षित आहेत. आईवरच्या फिल्ममध्ये त्यांच्या ओळी म्हणून घ्यायच्या तर हक्कधारकांची परवानगी हवी. बालकवी १९१८ साली गेले. त्यांच्या ओळी खुशाल घ्या.

राग कोणाच्याच मालकीचा नसतो, जुनी बंदिशही खुली असते, पण एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण वेगळं. बडोदा दरबारचे उस्ताद फैयाज खाँ यांची एखादी तबकडी १९३५ साली निघालेली असेल, तर तिची मुदत केव्हाच संपली आहे. तीच आज एखाद्या कंपनीने साफ करून पुन्हा बाजारात आणली असेल, तर ती नवी फाइल उचलण्यापेक्षा जुन्या तबकडीवरून स्वतः उतरवून घेतलेलं बरं.

सगळ्यात चांगला मार्ग मात्र वेगळाच आहे, आणि तो या शहरात सहज जमण्यासारखा आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, इथे गायनशाळा सुरू झाली. तिचीच परंपरा आज विद्यापीठात चालू आहे. तबला, हार्मोनियम, बासरी शिकणारी मुलं-मुली शहरात भरपूर आहेत आणि त्यांनाही आपलं नाव पडद्यावर दिसावंसं वाटतं. त्यांच्याकडून दोन मिनिटांचं नवं संगीत करून घ्या, जमेल तेवढं मानधन द्या, वरचा कागद सही करून घ्या. असं संगीत फिल्मला शोभतंही जास्त. तयार फुकट संगीत घेणार असाल तर त्याची अट वाचा. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' म्हणजे ठरावीक अटींवर आधीच देऊन ठेवलेली परवानगी. त्यात 'एनडी' अक्षरं असतील तर ते संगीत फिल्मला जोडता येत नाही, 'एनसी' असतील तर व्यापारी वापर चालत नाही.

क्लेम आणि स्ट्राइक यांत घोटाळा नको

अपलोड केल्यावर एखादा ईमेल येतो, आणि घरात "केस झाली" म्हणून गडबड उडते. बहुतेक वेळा तो 'क्लेम' असतो. यूट्यूबकडे कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. मोठे हक्कधारक आपली गाणी तिच्यात जमा करून ठेवतात आणि यंत्र प्रत्येक नवा व्हिडिओ त्यांच्याशी ताडून बघतं. जुळलं की हक्कधारक तीनपैकी एक करतो. व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसे स्वतः घेतो, व्हिडिओ अडवतो, किंवा नुसती नजर ठेवतो. क्लेममुळे सहसा चॅनलला धोका नसतो. एडिटरमध्ये तेवढं गाणं गप्प करता येतं किंवा बदलता येतं.

'स्ट्राइक' वेगळा. हक्कधारकाने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की तो लागतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकतं, आणि चॅनलबरोबर त्यावरच्या बाकीच्या फिल्मही जातात.

यंत्रही चुकतं. मुदत संपलेल्या तबकडीवर किंवा तुम्हीच वाजवलेल्या पारंपरिक चालीवर क्लेम येऊ शकतो. तेव्हा घाबरून व्हिडिओ काढू नका. रीतसर हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्याने उत्तर दिलं नाही तर क्लेम सुटतो. पण हरकत घेण्याआधी आपली बाजू कागदावर भक्कम आहे ना हे बघा. 'बघू काय होतंय' म्हणून घेतलेली हरकत स्ट्राइकपर्यंत जाऊ शकते.

"पण आम्ही पैसे कुठे कमावतोय?"

पैसे न कमावल्याने उल्लंघन माफ होत नाही. कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, एवढीच सवलत. हौशी माणसाला तुरुंग दिसेल असं सांगून मला कोणाला भिववायचं नाही. व्यवहारात बहुतेक गोष्टी क्लेमवर मिटतात. पण 'हौशी आहोत' ही ढाल नाही, हे माहीत हवं.

खाली "सर्व हक्क मूळ मालकाचे" लिहिलं तरी परवानगी मिळत नाही. श्रेय देणं हा सभ्यपणा आहे आणि तो पाळावाच, पण श्रेय वेगळं आणि परवानगी वेगळी. दहा किंवा तीस सेकंद चालतात, असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. परीक्षण, टीका, चालू घडामोडींचं वार्तांकन, खासगी वापर अशा ठरावीक कारणांसाठी न्याय्य प्रमाणात घेतलेल्या अंशाला मुभा आहे. प्रेमप्रसंगाखाली गाणं लावणं त्यात बसत नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: गणपतीत तर आपण गाणी लावतो, तिथे का चालतं? धार्मिक विधीच्या ओघात, आणि लग्नाच्या वरातीतही, गाणी वाजवायला कायद्याने सूट दिली आहे. ती सूट त्या समारंभापुरती आहे. तेच गाणं फिल्मला चिकटवून जगाला दाखवणं तिच्यात येत नाही.

वास्तू आणि चित्रं

इथे कायदा बराच उदार आहे. रस्त्यावर दिसणारी इमारत फिल्ममध्ये घ्यायला कॉपीराइट आड येत नाही. जिथे लोकांना प्रवेश आहे तिथे कायमस्वरूपी असलेलं चित्र किंवा शिल्प घ्यायलाही नाही. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं याच सवलतीत येतात. पण कॅमेरा आत नेऊ द्यायचा की नाही हे त्या जागेची व्यवस्था ठरवते. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट कधीच संपला, तरी राजवाड्यात टांगलेल्या चित्रासमोर शूटिंग करायचं तर राजवाड्याची परवानगी लागणारच.

आता टाकायची कशी

मूळ फुटेज आणि एडिटिंगची फाइल दोन वेगळ्या घरी ठेवा. चोरी झालीच तर चोराकडे फक्त तयार फिल्म असते, न वापरलेले टेक तुमच्याकडेच असतात. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवण्याचा जुना उपाय सोडून द्या, त्याला कायद्यात विशेष स्थान नाही. नोंदणी सक्तीची नसली तरी तो चांगला पुरावा आहे. पटकथेला ५०० रुपये, फिल्मला ५,००० रुपये सरकारी शुल्क. हौशी गटाने पटकथेची नोंदणी जरूर करावी. फिल्मच्या नोंदणीचे पाच हजार मी आवाजाच्या चांगल्या माइकवर घालीन.

महोत्सवांत पाठवायची असेल तर आधी नियम वाचा. काहींना ऑनलाइन न आलेलीच फिल्म हवी असते. तोवर ती 'प्रायव्हेट' (तुम्ही बोलावलेल्यांनाच दिसेल अशी) किंवा 'अनलिस्टेड' (लिंक असलेल्यांनाच दिसेल अशी) ठेवा, पण किती महिने ते आत्ताच ठरवून कॅलेंडरवर लिहा, नाहीतर 'महोत्सवासाठी राखून ठेवली' हीसुद्धा हार्ड डिस्कच होते. प्रदर्शित करताना वर्णनात निर्मात्याचं नाव, वर्ष, संगीत कोणाचं आणि कोणत्या परवानगीने, हे स्पष्ट लिहा. गुजराती आणि इंग्रजी सबटायटल जरूर द्या. आपल्या फिल्मचे निम्मे प्रेक्षक शेजारच्या दारामागे बसलेले असतात, आणि त्यांना मराठी अर्धीच कळते.

फिल्म दुसऱ्या कोणी आपल्या चॅनलवर टाकली तर यूट्यूबच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवरून ती काढून घेता येते. एकदा अशी तक्रार मान्य झाली की पुढच्या प्रती शोधून देणारी सोयही चॅनलमध्ये उघडते. पण प्रत्येक प्रतीमागे धावू नका. कोणी व्हॉट्सॅपवर फिरवली, फेसबुकवर लावली आणि श्रेयनामावली शाबूत आहे, तर राहू द्या, तिथे खाली आपल्या मूळ फिल्मची लिंक टाका. नावं कापली असतील, स्वतःचा लोगो चिकटवला असेल किंवा फिल्म मोडून भलताच अर्थ काढला असेल, तर मात्र त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा, लिंक आणि तारीख लिहून ठेवा, आणि तक्रार निर्मात्याच्या नावानेच दाखल करा.